पुनवेला बंद, अवसेला बंद

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, मुलीला नाही, धाकट्या बहिणीलाही नाही — आणि तिला तर मी शेजारणीच्या सुनेच्या डोहाळ्यांपासून सगळं सांगते. तुम्हालाच का सांगतेय? खरं सांगू — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसांसमोर माझी जीभ ऐन वेळी काय करते, ते मी एकदा पाहिलेलं आहे. त्याचीच ही गोष्ट.

तशी मी तोंडाची फटकळ. एकतीस वर्षं डोंबिवलीच्या शाळेत भूगोल शिकवला, भल्याभल्या पालकांना दारातून परत पाठवलं. भरती-ओहोटीचा धडा तर माझा हातखंडा. फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत काढायची आणि शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवत सांगायची — पौर्णिमा आणि अमावास्या, दोन्ही दिवशी उधाण! पोरांनी माझं नावच 'उधाणबाई' पाडलेलं. मला ते कळलेलं होतं आणि मनातून आवडायचंही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि दुसरं म्हणजे मी चौकस. म्हणजे काय, लोक भोचक म्हणतात, मी चौकस म्हणते. कुणाच्या घरी गेले की आधी कॅलेंडर बघते, मग माणसं. निवृत्तीनंतर ह्या स्वभावाला बरं काम मिळालं. ठाण्यात वर्तकनगरला एक छोटं मंडळ आहे — नाव नाही सांगत — लोकांकडून देणग्या गोळा करून वस्त्यांमधल्या छोट्या कामांना वर्षभराची मदत देतं. कुठे अभ्यासिका, कुठे बालवाडी, कुठे एकट्या आयांसाठी शिवणवर्ग. अर्ज आला की खरंखोटं बघायला एक माणूस जातो. न कळवता जायचं, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा जायचं, आणि छापील तक्त्यात लिहायचं. पहिलाच रकाना — 'भेटीच्या वेळी केंद्र सुरू होते का? होय / नाही'. ते जाणारं माणूस म्हणजे मी.

मला हे काम किती आवडायचं, काय सांगू! मानपाड्याला एक अभ्यासिका बघायला गेले होते. मुलं ओळीत बसलेली, वह्या उघड्या, भिंतीवर तक्ते. सगळं झकास. मी एका पोरीला म्हटलं, बाळा, मला तहान लागलीय, पाणी कुठंय गं? ती उठली आणि इकडेतिकडे बघायला लागली. दुसऱ्याला विचारलं, तोही बघायला लागला. रोज येणाऱ्या मुलाला माठ कुठे आहे हे माहीत नसेल? पोरं शेजारच्या ट्यूशनमधून बसवायला आणलेली होती! मंडळात त्या माठाची गोष्ट इतकी गाजली की नवीन माणूस आलं की मला ती पुन्हा सांगायला लावायचे. मीही सांगायचे. दर वेळी थोडं तिखटमीठ लावून.

आता बालवाडीकडे येते. येतेय, येतेय — मला माहितेय मी रेंगाळतेय.

अर्ज खाडीकाठच्या एका कोळी वस्तीतून आला होता. चांगुणाताई नावाच्या बाई बालवाडी चालवत होत्या. त्यांना आधी दुसरीकडून मिळणारी मदत त्या वर्षी संपत होती. आमची मिळाली तर मदतनीस बाईचं मानधन आणि पोरांची खिचडी चालू राहणार, नाही तर बालवाडी बंद. हे अर्जात सरळ दोन ओळीत लिहिलेलं होतं. वेळेच्या रकान्यात — दहा ते एक.

शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली, पुढे शेअर रिक्षा, पुढे बांधावरून चालत. पोचले तेव्हा अकरा वाजलेले. खाडी काय सुंदर दिसत होती! पाणी बांधाला टेकलेलं, काठोकाठ, तिवरांचे नुसते शेंडे वर. मी मोबाईलवर फोटो काढला. बालवाडीच्या खोलीला कडी. आत कुणी नाही. बाहेर भिंतीवर फळा, आणि त्यावर खडूने एकच शब्द — 'पुनव'. जाळं विणत बसलेला एक म्हातारा म्हणाला, सकाळी भरली होती. हे 'आत्ताच होते, आत्ताच गेले' मी दर ठिकाणी ऐकायचे, त्यामुळे कानाआड केलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेले. पुन्हा अकरा. पुन्हा तेच भरलेलं पाणी, तीच कडी. फळ्यावर — 'अवस'. मला हसू आलं. बालवाडी आहे की पंचांग? घरी येऊन तक्ता भरला. पहिल्या रकान्यात दोन्ही वेळा 'नाही'. आणि शेऱ्यात मी लिहिलं, शब्द न् शब्द पाठ आहे माझा — 'फलकावर केवळ तिथ्या लिहिलेल्या आढळल्या. शिक्षणाचा मागमूस नाही.' वाक्य मला इतकं आवडलं की ह्यांना वाचून दाखवलं. ते पेपर वाचत होते, 'छान' म्हणाले.

तुमच्या लक्षात आलं असेल एव्हाना. येणारच. मी सगळं तुमच्या पुढ्यात मांडून ठेवलंय. माझ्याही पुढ्यात ते तसंच मांडलेलं होतं हो! भरलेली खाडी, पुनव, अवस. एकतीस वर्षांत किती हजार वेळा मी ते तीन गोल एका रेषेत काढले असतील?

मला कळलं ते आठवड्याने, स्वयंपाकघरात. दुधाचे खाडे मोजायला कॅलेंडरसमोर उभी होते. भेटींच्या दोन तारखांवर मी पेन्सिलीने 'खाडी' लिहिलेलं. एका चौकोनात पांढरा गोल छापलेला, दुसऱ्यात काळा. मी बघत राहिले. मागे दूध उतू गेलं. पौर्णिमेला भरती बाराच्या सुमाराला — म्हणजे अकराला पाणी काठोकाठ. अमावास्येलाही तेच. पंधरा दिवसांनी भरती फिरून त्याच वेळेला येते, आठवीच्या पुस्तकात आहे. आणि त्या दिवशी ओहोटी कधी? पहाटे सहाच्या आसपास. मग त्या वस्तीतली बालवाडी कधी भरत असेल, उधाणबाई?

दुसऱ्या दिवशी अष्टमी होती. कुणाला काही न सांगता मी निघाले. अहवाल पाठवून झालेला होता, पण मंडळाची बैठक रविवारी होती. म्हणजे हातात चार दिवस होते. हेही लक्षात ठेवा, कारण वेळ नव्हता असं म्हणायची सोय मला नाही.

साडेअकराला पोचले. खाडी गायब. नुसता काळा, चमकणारा चिखल, आणि लांबवर त्यात कमरेपर्यंत वाकलेल्या बायका. खेकडे, निवट्या, कालवं — ओहोटीला जे हाताला लागेल ते गोळा करायचं आणि संध्याकाळी बाजारात बसायचं. आणि बालवाडी — अहो, काय सांगू, खोली भरून वाहत होती! पंचवीसेक पोरं, कुणी गाणं म्हणतंय, कुणी शिंपल्यांची बेरीज करतंय, कोपऱ्यात खिचडी रटरटतेय. फळ्यावर 'आठम'. मी दारातच उभ्या पोरीला सवयीने विचारलं, पाणी कुठंय गं? तिने मागे न बघता बोट दाखवलं.

चांगुणाताई पन्नाशीच्या, आवाज माझ्याहून मोठा. मी कोण विचारलं, तर म्हटलं, सहज आले, बघायला. नाव सांगितलं नाही. त्यांना वाटलं असेल कुणाची तरी पाहुणी. चहा दिला. मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या. पूर्वी बाया पोरांना बांधावर बसवून चिखलात उतरायच्या. चार वर्षांची स्वरा — तीच, माठ दाखवणारी — दोन वर्षांची असताना आईमागे चिखलात गेली ती गळ्यापर्यंत रुतली. दोघींनी ओढून काढली. त्याच महिन्यात बालवाडी सुरू झाली, आणि बाया जेव्हा खाडीत तेव्हाच उघडी. रोज वेळ पुढे सरकते. मी विचारलं, मग वेळ कळते कशी? तर म्हणाल्या, "आमचा घड्याल खाडीन हाय, बाय." आणि पाऊणकी म्हणून दाखवली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आठाची पाऊणकी सहा, म्हणून सहाला भरती, बाराला ओहोटी. सासूने शिकवलेली. मला कारण माहीत होतं — चंद्र, गुरुत्वाकर्षण, पन्नास मिनिटं — पण हा हिशोब मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. मी वहीत उतरवून घेतला. इतकी खूश झाले होते मी! खोटं नाही सांगत, त्या तासाभरात मी अहवाल विसरूनच गेले होते.

अर्जात दहा ते एक कसं आलं, तेही सांगितलं त्यांनी आपणहून. टायपिंगवाला म्हणाला, रकान्यात पासून-पर्यंत लिहावंच लागतं, 'ओहोटीप्रमाणे' चालत नाही. त्याने मनाने टाकलं.

मग बाया परत यायला लागल्या. मांड्यांपर्यंत चिखल. आणि तिथे एक रीत बघितली मी. आई दारात येऊन थांबते, आत येत नाही. पोर तांब्या घेऊन बाहेर जातं आणि आईच्या पायांवर पाणी ओततं. मग आई पोराला उचलते. कुणी शिकवलं होतं का विचारलं, तर चांगुणाताई म्हणाल्या, पोरांनीच सुरू केलं. स्वरा आईचे पाय धुऊन झाल्यावर तांब्या घेऊन माझ्याकडे आली. माझ्या चपलांकडे बघत बसली. मग म्हणाली, "तू खाडीन नाय गेलीस?"

नाही गेले, म्हटलं.

निघताना चांगुणाताई बांधापर्यंत आल्या. म्हणाल्या, मंडळाची बाई बघायला येणार आहे, अजून आली नाही. कवा येल तवा येल, आम्ही आहोतच. मी मान हलवली. तिथे — तिथेच — मी म्हणू शकले असते की बाई, मीच ती. का नाही म्हटलं? मनात म्हटलं, आधी अहवाल दुरुस्त करते, मग सांगीन. खरोखर तसंच ठरवलेलं होतं. बसमध्ये मी वाक्यही जुळवलं. 'माझ्याकडून भरतीच्या वेळेची नोंद घ्यायची राहिली.' बघा, कबुलीचं वाक्यसुद्धा मी कसं इस्त्री करून ठेवलं होतं.

रविवारी वर्तकनगरला बैठक. नेहमीची माणसं, आणि दोन नवीन देणगीदार. त्यातला एक मला बघून उभाच राहिला. पाया पडला. माझा विद्यार्थी! आता मोठ्या कंपनीत, पोट सुटलेलं, पण डोळे तेच. सगळ्यांना सांगायला लागला — अहो, ह्या आमच्या उधाणबाई, ह्यांनी भरती-ओहोटी अशी शिकवली की मेलो तरी विसरणार नाही. सगळे हसले. मीही हसले. त्याने हवेत तीन गोल काढून दाखवले, सूर्य, पृथ्वी, चंद्र. मग कुणीतरी म्हणालं, बाई, ती माठाची गोष्ट सांगा ना ह्यांना. मी सांगितली.

अहवालांचं वाचन गायकवाड सर करायचे, आमचे सचिव. बँकेतून निवृत्त झालेला शांत माणूस. ते स्वतः दुसऱ्यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर शिकलेले. घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली ती शिष्यवृत्ती मंजूर झाल्याची चिठ्ठी अजून फ्रेम करून लावलेली होती. म्हणायचे, कुणीतरी माझ्या कागदावर 'होय' लिहिलं म्हणून मी इथे बसलोय. त्यामुळे नकाराचा प्रत्येक अहवाल ते दोनदा वाचायचे. गुडघे दुखायचे म्हणून, नाही तर सगळीकडे स्वतःच गेले असते. त्यांनी माझा अहवाल वाचला. तिथ्यांच्या वाक्यावर थांबले. चष्मा काढला.

"बाई, वेळ चुकली नसेल ना? खाडीची वस्ती आहे म्हणून विचारतो."

तर हा तो क्षण. मला ह्याचं आजही कुतूहल आहे — तुम्ही हसाल, पण पश्चात्तापाच्या आधी मला कुतूहलच वाटतं. त्या क्षणात नक्की काय काय होतं? पंखा कुरकुरत होता. समोरच्या बशीत अर्धा समोसा होता. विद्यार्थी माझ्याकडे कौतुकाने बघत होता. गायकवाड सरांनी प्रश्न असा विचारला होता की उत्तरात पाऊल टाकायला जागा होती, दार उघडून बाजूला उभं राहावं तसं. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. हो, चुकली. लोक हसले असते. दोन मिनिटं. विद्यार्थ्याने तर त्याचीही मजेदार गोष्ट केली असती. आणि मी — एकतीस वर्षांची भूगोलाची बाई — 'पुनव' आणि 'अवस' वाचून, भरलेल्या खाडीचा फोटो काढून घरी आलेली बाई — मी म्हटलं, "नाही."

आवाज स्वच्छ होता माझा. शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा.

सरांनी मान हलवली. ते म्हणाले, बाईंचा शब्द म्हणजे शब्द, आणि पुढचा कागद घेतला. मदत कल्याणच्या एका अभ्यासिकेला गेली. चांगली होती ती, तिथे माठ कुठे आहे ते सगळ्यांना माहीत होतं. खाडीवर नुसतं छापील पत्र गेलं — यंदा शक्य नाही. कारण द्यायचं नाही असा आमचा नियम. त्यामुळे मंडळाची बाई येऊन गेली होती, तीनदा येऊन गेली होती, हे चांगुणाताईंना कधी कळलंच नाही.

मग नंतर का नाही सांगितलं, असं विचाराल. विचाराच. दुसऱ्या दिवशी सांगायचं तर आधी चूक सांगावी लागली असती आणि मग खोटं. महिन्याने सांगायचं तर चूक, खोटं आणि महिनाभर गप्प का, ते. आणि खरं म्हणजे झाकली मूठ मला बरी वाटायला लागली होती. लोक मान देत होते. मी नवीन भेटींना जात होते आणि — हे ऐका — फार छान काम करत होते! कुठेही गेले की आधी विचारायचे, इथल्या आया कामाला कधी जातात? सगळे म्हणायचे, बाईंची नजर काय बारीक आहे. पुढच्या वर्षी तक्त्यातला वेळेचा रकाना बदलायला मीच लावला. 'पासून-पर्यंत' काढून 'वेळ कशावर ठरते' असं केलं. गायकवाड सरांनी माझं अभिनंदन केलं. तेव्हाही मी गप्प.

खाडीवरून मात्र त्या वर्षी अर्ज आला नाही.

चौकसपणा काही जात नाही माणसाचा. पुढच्या थंडीत एकदा तिथी बघून, पाऊणकी करून, बरोबर ओहोटीला मी तिथे गेले. खोलीत कुणाचं तरी सामान भरलेलं. फळा होता, कोरा. जाळंवाल्या म्हाताऱ्याने सांगितलं, बंद होऊन सहा महिने झाले, चांगुणा आता सोसायट्यांमध्ये पोळ्या करायला जाते. बाया मात्र तिथेच होत्या, लांब, चिखलात वाकलेल्या.

बांधावर स्वरा बसली होती. उंच झालेली थोडी. तिच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली होती, आणि पट्टीचं दुसरं टोक तिवराच्या खोडाला. घट्ट, दुहेरी गाठ. पुन्हा रुतू नये म्हणून आईने बांधलेली, दुसरं काय करणार ती? शेजारी प्लॅस्टिकची पाण्याची बाटली होती. ती पिण्याची नव्हती, हे मला बघताक्षणी कळलं.

पावलं वाजली तशी तिने बाटली उचलली, बूच काढलं. मग माझे पाय बघितले. कोरडे होते. तिने बूच लावलं, बाटली खाली ठेवली आणि पुन्हा खाडीकडे बघायला लागली.

मी गाठ सोडली नाही. तिच्याजवळ बसले नाही. तिची आई येईपर्यंत थांबले नाही. आले तशी बांधावरून परत गेले, शीळफाट्याला बस धरली, घरी येऊन कुकर लावला. त्या दिवशीही ह्यांनी विचारलं, कुठे गेलेलीस? म्हटलं, कुठे नाही, सहज.

गायकवाड सर मागच्या वर्षी गेले. शोकसभेत मला बोलायला लावलं आणि मी पाच मिनिटं बोलले, त्यांच्या त्या फ्रेमबद्दल, 'होय'बद्दल. लोकांचे डोळे भरून आले. मंडळात मी अजून आहे.

आता रोज सकाळी कॅलेंडरसमोर उभी राहते ती दुधाच्या खाड्यांसाठी नाही. आज षष्ठी. सहाची पाऊणकी साडेचार, म्हणजे ओहोटी साडेदहाच्या सुमाराला. आत्ता सव्वादहा झालेत. बाया चिखलात उतरल्या असतील. मी घरी आहे.